चिप भाजू न देता सोल्डरिंग कसं करावं: नव्यानं हात घालणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा चिप बोर्डवर लावायची वेळ येते तेव्हा बहुतेक जण एकच गोष्ट करतात. चिप जळेल या भीतीनं आयर्नचं, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या अवजाराचं, तापमान कमी करतात, सगळ्यात बारीक बिट (आयर्नचं तापणारं टोक) लावतात आणि हलक्या हातानं चिपच्या पायाला टेकवून वाट बघत बसतात. सोल्डर वितळत नाही, म्हणून आणखी थोडा वेळ टेकवतात. या 'आणखी थोडा वेळ' प्रकारातच चिप मरते, पॅड (पाय जिथे जोडतात तो बोर्डवरचा तांब्याचा तुकडा) उखडतो आणि बोर्ड तपकिरी पडतो.

हा सगळा लेख एकाच गोष्टीभोवती आहे. हाताच्या सोल्डरिंगमध्ये नुकसान आकड्यातल्या तापमानापेक्षा वेळेमुळे जास्त होतं. ३४० अंशांवरचा रुंद, स्वच्छ बिट दोन सेकंद टेकला तर चिपच्या पोटापर्यंत फारशी उष्णता जातच नाही. २८० अंशांवरचा काळवंडलेला बारीक बिट पंधरा सेकंद टेकून राहिला, तर तीच चिप आतून पुरती तापते आणि सांधाही कच्चाच राहतो. (तापमानं सगळीकडे सेल्सिअसमध्ये आहेत.)

१. नेमकं काय बिघडतं ते आधी समजून घ्या

चिपमधलं सिलिकॉन सोल्डरिंगच्या तापमानाला सहज टिकतं. बिघडतं ते त्याच्या आजूबाजूचं. सिलिकॉनचा तुकडा धातूच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, त्यातून केसाहून बारीक तारा पायांपर्यंत आलेल्या असतात आणि हे सगळं काळ्या इपॉक्सीत (कडक होणाऱ्या राळेत) बंद केलेलं असतं. तापल्यावर प्रत्येक पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात फुगतो. जास्त वेळ तापलं की इपॉक्सी आणि धातू यांच्यात फट पडते, तारेचा जोड सैल होतो. अशी चिप कधी लगेच मरते, तर कधी चाचणीत पास होऊन काही आठवड्यांनी दगा देते. दुसरा प्रकार जास्त त्रासदायक, कारण तेव्हा सोल्डरिंगवर संशयच येत नाही.

बोर्डचं दुखणं वेगळं. नेहमीचा एफआर-४ बोर्ड म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सी. साध्या प्रतीच्या एफआर-४ मधलं इपॉक्सी १३० ते १४० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, चांगल्या प्रतीचं १७० च्या आसपास. म्हणजे तुम्ही सोल्डर करता तेव्हा पॅडखालचं इपॉक्सी मऊ झालेलंच असतं. तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉन जाडीचा असतो आणि तो त्या मऊ इपॉक्सीच्या भरवशावर टिकलेला असतो. अशा वेळी बिट दाबला किंवा पाय हलवला की पॅड उचलून येतो. पॅड उखडण्यात उष्णतेइतकाच हाताच्या जोराचाही वाटा असतो, हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट सांध्याच्या आत घडते. कथिल आणि तांबं एकत्र आले की दोघांच्या संयुगाचा पातळ थर तयार होतो. तो झाल्याशिवाय सांधा धरतच नाही, पण तो ठिसूळ असतो. एक ते तीन मायक्रॉन जाडी चांगली. सांधा पुन्हा पुन्हा वितळवत राहिलात तर हा थर वाढत जातो आणि पुढे धक्क्यानं किंवा थरथरीनं तिथेच तडा जातो. म्हणून धरलेला सांधा 'जरा आणखी चकचकीत करू' म्हणून पुन्हा तापवू नका.

२. डेटाशीट उघडा

चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, तीन गोष्टी शोधा.

पहिली, कमाल मर्यादांच्या तक्त्यातली पायांच्या तापमानाची ओळ. पायवाल्या अनेक जुन्या चिपसाठी तिथे २६० किंवा ३०० अंश, १० सेकंद असं लिहिलेलं सापडतं. ही मोजणी पायाची आहे, आयर्नच्या पडद्यावरच्या आकड्याची नाही.

दुसरी, रिफ्लोचं, म्हणजे अख्खी चिप तापवून सोल्डर वितळवण्याच्या पद्धतीचं, कमाल तापमान. शिसेविरहित सोल्डरसाठी बनवलेल्या चिपना ते बहुधा २४५ ते २६० अंशांच्या दरम्यान असतं. पॅकेज जितकं जाड आणि मोठं तितकी मर्यादा कमी. हॉट एअर (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) वापरणार असाल तर तुमचा खरा आकडा हाच.

तिसरी, ओलाव्याची पातळी, म्हणजे एमएसएल. तिच्याकडे नवखे लोक ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून पुढे तिला वेगळी पायरी दिली आहे.

डेटाशीटमध्ये हे नसेल तर उत्पादकानं सोल्डरिंगवर वेगळी टिपण काढलेली असते. मायक्रोफोन, दाबमापक सेन्सर, कॅमेऱ्याचे सेन्सर, एलईडी, क्रिस्टल यांच्यासाठी ती टिपण न वाचता आयर्न हातात घेऊ नका. या भागांत पोकळी, पडदा किंवा मऊ भिंग असतं आणि त्यांच्या मर्यादा साध्या चिपपेक्षा कडक असतात.

३. काय काय जवळ हवं

- तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन. तापमानावर ताबा नसलेलं, सरळ प्लगमध्ये घालायचं आयर्न रिकामं ठेवलं की तापतच राहतं. त्यानं जाड वायर जोडता येईल, चिपसाठी ते टाळा.
- छिन्नीच्या आकाराचे दोन बिट, साधारण दीड आणि अडीच मिलिमीटर रुंदीचे. जमल्यास एक खुराच्या आकाराचाही.
- कथिल-शिशाचं ६३/३७ सोल्डर, आत फ्लक्स असलेलं. बारीक पायांसाठी अर्धा मिलिमीटर जाडीची तार. शिसेविरहित हवं असेल तर एसएसी ३०५ (कथिल, चांदी आणि तांब्याचं मिश्रण).
- वेगळा फ्लक्स, शक्यतो घट्ट जेलसारखा, रोझिनचा किंवा न धुता चालणारा. नळजोडणीचा आम्लयुक्त फ्लक्स बोर्डजवळ आणू नका. तो तांबं खातो.
- डीसोल्डरिंग विक (वितळलेलं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी), टोकदार चिमटा, पितळी कीस, भिंग, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना ब्रश.
- उष्णता झेलणारी पिवळी पॉलिइमाइड टेप, म्हणजे कॅप्टॉन टेप.
- के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारांची जोडी) लावता येणारा मल्टिमीटर. महागडा नसला तरी चालतो, पण असावाच.
- धूर ओढणारा पंखा. धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो आणि श्वासनलिकेला त्रास देतो. शिशाचं सोल्डर हाताळल्यावर हात साबणानं धुवा.

यातलं काही कमी करायचंच झालं तर खुराचा बिट वगळा. फ्लक्स मात्र वगळू नका. उष्णता पटकन पोचवण्याचं अर्धं काम फ्लक्सच करतो: ऑक्साइडचा थर काढतो, सोल्डर पसरतं, आणि पसरलेल्या ओल्या सोल्डरमधून उष्णता धातूत झटकन शिरते. कोरड्या बिटाचा कोरड्या पायाशी होणारा स्पर्श एखाद-दुसऱ्या टोकापुरताच असतो.

४. चिपनं ओलावा धरला आहे का ते बघा

इपॉक्सी हवेतला ओलावा शोषतं. अशी चिप एकदम २४० अंशांना नेली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि पॅकेज आतून फाटतं. कधी 'टक्' असा आवाजही येतो. बाहेरून मात्र बऱ्याचदा काहीच दिसत नाही.

म्हणूनच चिप चंदेरी पिशवीत, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह येतात. पिशवीवर एमएसएलचा आकडा असतो. पातळी १ म्हणजे काळजी नको. पातळी ३ म्हणजे पिशवी उघडल्यापासून १६८ तासांत, ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत ठेवून, रिफ्लो व्हायला हवं. पातळी ४ ला ७२ तास, पातळी ५ ला ४८. बऱ्याच मोठ्या चिप पातळी ३ च्या असतात.

दिलासा देणारी गोष्ट अशी की एकेका पायाला आयर्न लावून सोल्डर करताना चिपचं अंग तितकं तापत नाही, त्यामुळे हा धोका कमी. पण हॉट एअर किंवा रिफ्लो ओव्हन वापरणार असाल आणि चिप कित्येक महिने खणात उघडी पडली असेल, तर ती आधी भाजून सुकवावी लागते. नेहमीची रीत १२५ अंशांची. किती तास, ते पॅकेजची जाडी आणि पातळी यांवर ठरतं. उत्पादकाचा तक्ता बघा. ज्या प्लास्टिकच्या नळीत किंवा पट्टीत चिप आली ती १२५ अंश सहसा सोसत नाही, म्हणून चिप काढून धातूच्या ताटलीत ठेवा. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका. एकच चिप पुन्हा पुन्हा सुकवत बसलात तर तिचे पाय ऑक्साइड धरतात आणि सोल्डर घेत नाहीत.

५. बिट आणि तापमान ठरवा

सगळं काम इथे जिंकलं किंवा हरलं जातं, म्हणून जरा सविस्तर.

६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं. एसएसी ३०५ साधारण २१७ ते २२० अंशांना. चांगलं पसरायला सांध्याचं तापमान याच्या ३० ते ५० अंश वर जावं लागतं, म्हणजे शिशाच्या सोल्डरला २२० च्या आसपास आणि शिसेविरहितला २५० च्या आसपास. नवख्यांसाठी शिशाचं सोल्डर सोपं पडतं ते या तीस अंशांमुळे. विक्रीच्या वस्तूंत अनेक देशांत शिशावर बंधनं आहेत, तेव्हा काम कशासाठी आहे ते बघून ठरवा.

बिट सांध्याहून बराच गरम ठेवावा लागतो, कारण टेकवताक्षणी त्याची उष्णता ओढली जाते. शिशाच्या सोल्डरला ३२० ते ३५०, शिसेविरहितला ३५० ते ३७० इथून सुरुवात करा. ४०० च्या पुढे गेलात की फ्लक्स काम करायच्या आधीच जळतो, बिटावरचा लोखंडी मुलामा लवकर झिजतो आणि पॅडखालचं इपॉक्सी सैल पडतं.

आता बिटाचा आकार. पडद्यावर ३५० दिसतं म्हणून बिटाच्या टोकालाही ३५० असतं असं नाही. सुईसारख्या लांब टोकाच्या बिटात उष्णता मागून पुढे यायला वाट अरुंद असते. तो मोठ्या पॅडला टेकवला की टोक एकदम थंड पडतं आणि मागचा सेन्सर मात्र 'सगळं ठीक' सांगत राहतो. भोक असलेली बादली पेल्यापेल्यानं भरण्यासारखा हा प्रकार आहे. कितीही वेळ ओतलं तरी पातळी चढत नाही. म्हणून सांध्यात मावेल इतका रुंद बिट घ्या, पॅडच्या रुंदीच्या जवळपासचा. सांधा दोन-तीन सेकंदांत होत नसेल तर आधी बिट मोठा करा, मग फ्लक्स वाढवा, आणि त्यानंतरच तापमान दहा-वीस अंशांनी चढवा. क्रम हाच ठेवा.

बिट चकचकीत असायला हवा. काळा बिट म्हणजे ऑक्साइडचं आवरण, आणि ते उष्णता अडवतं. प्रत्येक दोन-चार सांध्यांनंतर पितळी किसात फिरवा, आयर्न स्टँडवर ठेवण्याआधी टोकाला ताजं सोल्डर लावा. कानस किंवा सँडपेपर बिटाला लावायचाच नाही. लोखंडी मुलामा निघाला की आतलं तांबं काही तासांत खड्डे पडून झिजतं.

एक तपासणी सुरुवातीलाच करून टाका. आयर्न प्लगमधून काढा, थंड होऊ द्या आणि बिट व प्लगची अर्थिंगची पिन यांच्यामधला रोध मोजा. बहुतेक स्टेशनमध्ये तो काही ओहमच असतो. तसा नसेल तर माहितीपुस्तिका बघा. अर्थिंग तुटलेल्या आयर्नमुळे मेलेली चिप 'भाजली' म्हणून खपते, आणि मग माणूस तापमान कमी करत बसतो. स्थिर विजेनं मरणाऱ्या चिपचंही असंच होतं. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून काम करा.

६. आरपार पायांची चिप लावताना

डीआयपी (दोन ओळींत पाय असलेल्या) चिपसाठी सगळ्यात सोपा बचाव म्हणजे सॉकेट, म्हणजे चिप खोचून बसवायची बैठक. सॉकेट सोल्डर करा, बोर्ड थंड होऊ द्या, मग चिप बसवा. उष्णतेचा प्रश्नच उरत नाही.

चिप थेट लावायची असेल तर कोपऱ्यातला एक पाय सोल्डर करा, मग समोरच्या तिरप्या कोपऱ्यातला. चिप सपाट बसली आहे का ते आत्ताच बघा. नंतर सगळे पाय तापवून सरळ करण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानं होत नाही.

आता प्रत्येक पायाला असं करा: बिट एकाच वेळी पाय आणि पॅड दोघांना टेकवा, साधारण एक सेकंद थांबा, सोल्डर बिटाला नाही तर पायाच्या दुसऱ्या बाजूनं द्या, ते पसरलं की आधी तार काढा आणि लगेच बिट. एकूण दोन ते तीन सेकंद. एका ओळीत सलग जाऊ नका. एक पाय या टोकाचा, पुढचा त्या टोकाचा असं करा, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. पाच सेकंदांत झालं नाही तर बिट उचला, थंड होऊ द्या, फ्लक्स लावून पुन्हा करा. चिकाटी दाखवायची ही जागा नव्हे.

जर्मेनियमच्या जुन्या डायोड-ट्रान्झिस्टरना उष्णता फारच कमी सोसते. त्यांच्या पायावर, सांधा आणि अंग यांच्या मध्ये, धातूची क्लिप लावा. ती उष्णता ओढून घेते.

७. पृष्ठभागावरची, पाय असलेली चिप

एसओआयसी, टीक्यूएफपी या चिपना लोक घाबरतात, पण उष्णतेच्या दृष्टीनं त्या सोप्या आहेत. पाय लहान, पॅड लहान, त्यामुळे सांधा एका सेकंदाच्या आत होतो.

१. पॅड अल्कोहोलनं पुसा. सगळ्या पॅडवर फ्लक्सचा पातळ थर द्या.

२. चिप चिमट्यानं ठेवा, पहिल्या पायाची खूण दोनदा तपासा. उलटी लावलेली चिप काढताना जी उष्णता लागते ती लावतानाच्या कितीतरी पट असते.

३. बिटावर मोहरीएवढं सोल्डर घेऊन कोपऱ्यातला एक पाय पकडवा. भिंगातून बघा. बाकीचे पाय पॅडवर नीट नसतील तर हाच एक सांधा वितळवून सरकवा. जुळल्यावर तिरप्या कोपऱ्यातला पाय पकडवा.

४. पुन्हा फ्लक्स. खुराच्या किंवा छिन्नीच्या बिटावर थोडं सोल्डर घेऊन पायांच्या टोकांवरून ओळीनं, न थांबता ओढत जा. सोल्डर आपोआप प्रत्येक पायाखाली खेचलं जातं. एका बाजूला काही सेकंद पुरतात.

५. एक बाजू झाली की समोरची बाजू लगेच करू नका. चिपला बोट लावून बघा. चटका बसण्याइतकी गरम असेल तर थांबा.

दोन पाय सोल्डरनं जोडले गेले तर घाबरून आयर्न खुपसत राहू नका. फ्लक्स लावा, बिट पुसून स्वच्छ करा आणि जोडल्या जागेवरून बाहेरच्या दिशेनं एकदा ओढा. निम्मे पूल यानंच सुटतात. नाहीतर विक वापरा, पण विकला आधी फ्लक्स लावा आणि बिट व विक एकत्रच उचला. आयर्न आधी उचललं तर विक थंड होऊन पॅडला चिकटते. मग ओढली की पॅड तिच्याबरोबर येतो. विक बाजूला घासायची नाही, फक्त टेकवायची.

८. ग्राउंडला जोडलेला हट्टी पाय

सगळे पाय पटापट होतात आणि एक पाय सोल्डर घेतच नाही, असं झालं की समजा तो ग्राउंडच्या (सर्किटच्या सामाईक शून्य व्होल्टच्या) मोठ्या तांब्याला जोडलेला आहे. चांगल्या आराखड्यात असा पॅड चार बारीक पट्ट्यांनी तांब्याला जोडतात, म्हणजे उष्णता पळत नाही. तसं नसेल तर सगळा बोर्ड उष्णता ओढतो.

इथे तापमान ४५० करणं हा मोह आहे, आणि तो आवरायचा. त्याऐवजी बोर्डलाच खालून गरम करा. बोर्डाखाली गरम पाटा किंवा हॉट एअर ठेवून तो सावकाश, सेकंदाला एक-दोन अंश या वेगानं, १०० ते १२० अंशांपर्यंत न्या. थर्मोकपल टेपनं बोर्डवर चिकटवून मोजा, अंदाज चालणार नाही. आता आयर्नला २० अंशांपासून नाही तर १०० अंशांपासून पुढे चढायचं आहे, त्यामुळे नेहमीच्याच ३५० ला सांधा दोन-तीन सेकंदांत होतो.

यानं चिपला नुकसान होत नाही का, असं मला नेहमी विचारतात. होत नाही. वीज न दिलेली बहुतेक चिप १०० अंशांत आरामात राहते. तिला त्रास होतो तो एका कोपऱ्यात ३०० आणि दुसऱ्या कोपऱ्यात ३० अंश अशा फरकाचा. शेजारचे सिरॅमिक कपॅसिटर तर याच फरकानं तडकतात. त्यांच्या अंगाला बिट कधीच टेकवू नका, आणि गरम बोर्डवर थंड अल्कोहोल ओतू नका.

९. पोटाखाली पॅड असलेली चिप आणि हॉट एअर

क्यूएफएनसारख्या चिपचा मोठा पॅड पोटाखाली असतो. तिथे बिट पोचत नाही. बोर्डचा आराखडा तुम्हीच काढत असाल तर त्या पॅडखाली मागच्या बाजूनं बिट शिरेल एवढं मोठं भोक ठेवा. मागून सोल्डर भरता येतं आणि हॉट एअर लागतच नाही. नाहीतर पुढीलप्रमाणे.

आधी आजूबाजूचं झाका. प्लास्टिकचे कनेक्टर, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर यांवर कॅप्टॉन टेप आणि वरून ॲल्युमिनियमची पातळ पट्टी. नुसती टेप हवा अडवते, उष्णता फारशी नाही. बोर्डवर नाणेसेल किंवा कुठलीही बॅटरी असेल तर ती काढाच. तापली की फुटू शकते. नवा बोर्ड भरत असाल तर क्रमच असा लावा की हॉट एअरचं काम आधी आणि कनेक्टर शेवटी.

पॅडवर सोल्डर पेस्टचा (सोल्डरची पूड आणि फ्लक्स यांच्या लगद्याचा) पातळ थर द्या. मधल्या पॅडवर निम्म्याहून थोडं जास्त भाग भरेल इतकीच पेस्ट. जास्त दिली की चिप तरंगते, पाय टेकत नाहीत, आणि मग तुम्ही ते टेकवण्यासाठी तापवत राहता.

हवेचं तापमान ३०० ते ३५०, झोत कमी. नळी चिपपासून एक-दोन सेंटिमीटरवर धरा आणि सतत गोल फिरवत राहा. एकाच जागी थांबलेली नळी इपॉक्सीला डाग पाडते. खालून बोर्ड गरम असेल तर वरून लागणारा वेळ बराच घटतो. सुरुवातीला नळी दूर ठेवून बोर्ड हळूहळू तापवा; चढण सेकंदाला तीन अंशांहून जास्त नको. आधी फ्लक्स पाघळतो, मग पेस्ट करडी दिसते आणि शेवटी एकदम चकाकते. चकाकली की चिप स्वतःहून पॅडवर सरकून जुळते, कारण वितळलेल्या सोल्डरचा ताण तिला मध्यभागी ओढतो. चिमट्यानं अगदी हलका धक्का द्या. ती परत जागेवर आली तर पोटाखालचंही सोल्डर वितळलेलं आहे. त्यानंतर काही सेकंदांत हवा काढा. फुंकर मारू नका, बोर्ड हलवू नका, आपोआप थंड होऊ द्या.

पहिल्या खऱ्या चिपआधी एका निकामी बोर्डवर, चिपच्या कडेला थर्मोकपल चिकटवून हे करून बघा. हॉट एअर यंत्रावरचा आकडा आणि चिपपाशी पोचणारं तापमान यांत किती अंतर पडतं ते डोळ्यांनी दिसलं की तुमच्या नळीसाठी, तुमच्या अंतरासाठी योग्य आकडा सापडतो. दुसऱ्याचा आकडा तुमच्या यंत्राला लागू पडत नाही.

१०. चिप काढायची असेल तर

काढताना सगळे पाय एकाच वेळी वितळलेले हवेत, त्यामुळे बोर्डला जास्त सोसावं लागतं. आधी ठरवा, वाचवायचं काय आहे, चिप की बोर्ड? चिप मेलेलीच असेल तर विचार न करता तिचे पाय अंगाजवळ बारीक कटरनं कापा आणि एकेक पाय सुटा काढा. पॅडवर सगळ्यात कमी उष्णता याच पद्धतीत पडते.

दोन्ही वाचवायचं असेल तर बिस्मथ असलेलं कमी तापमानाचं मिश्रण उपयोगी. ते जुन्या सोल्डरमध्ये मिसळलं की सगळं बराच वेळ वितळलेलं राहतं आणि चिप अलगद उचलता येते. नंतर त्याचा कण न् कण विकनं पुसून काढा. शिसं, कथिल आणि बिस्मथ एकत्र राहिले तर ९६ अंशांच्या आसपासच वितळणारं मिश्रण सांध्यात उरू शकतं, आणि तापणाऱ्या उपकरणात तो सांधा सुटतो.

चिप कधीच जोरानं उपटू नका. उचलली जात नसेल तर कुठलातरी पाय अजून वितळलेला नाही.

११. काम झाल्यावर तपासा

बोर्ड अल्कोहोलनं स्वच्छ करा, भिंग घ्या आणि ही लक्षणं शोधा.

- पॅडभोवती बोर्ड तपकिरी पडला आहे किंवा आत पांढरे ठिपके दिसतात: जास्त वेळ तापलं. काचतंतू आणि इपॉक्सी सुटू लागले आहेत.
- सांध्यावर सोल्डरची शेंडी निघाली आहे: फ्लक्स जळून संपल्यावर बिट उचलला. फ्लक्स लावून एकदाच वितळवा.
- फ्लक्स काळा, कोळशासारखा: तापमान जास्त.
- सांधा खडबडीत आणि गोळ्यासारखा: उष्णता कमी पडली. शिसेविरहित सांधा मुळातच थोडा निस्तेज असतो, त्यामुळे नुसत्या चमकेवरून त्याला नापास करू नका. कडा पॅडवर पसरल्या आहेत का ते बघा.
- पॅड चिमट्याच्या हलक्या स्पर्शानं डुलतो: उखडला आहे. तो पुन्हा तापवू नका.

मग वीज न देता पुरवठा आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट आहे का ते मोजा. मल्टिमीटर डायोडच्या जागेवर ठेवून, लाल टोक ग्राउंडला लावून, काळं टोक प्रत्येक पायाला टेकवत जा. बहुतेक पायांवर आतल्या संरक्षक डायोडचं साधारण ०.४ ते ०.७ व्होल्टचं वाचन येतं. एखादा पाय उघडा दिसला तर आधी सांधा कच्चा आहे असं धरा. चांगला बोर्ड हाताशी असेल तर त्याची वाचनं शेजारी लिहून ताडून बघा. पहिल्यांदा वीज देताना प्रवाहावर मर्यादा घालता येणारा पुरवठा वापरा आणि मर्यादा चिपच्या अपेक्षित प्रवाहाहून थोडीच वर ठेवा.

उखडलेल्या पॅडवर चिप टिकेल या आशेनं सोल्डरचा ढीग रचू नका. त्या पॅडचा ट्रॅक कुठे जातो ते शोधा, ट्रॅकवरचं हिरवं आवरण मिलिमीटरभर खरवडून तांबं उघडं करा, त्यावर सोल्डरचा हात फिरवा आणि वीजरोधक लेप दिलेली बारीक तांब्याची तार तिथून थेट चिपच्या पायाला जोडा. तार इपॉक्सीच्या एका थेंबानं बोर्डला चिकटवा, म्हणजे ओढ पायावर येणार नाही.